पडद्यावरचा पैलवान

गेल्या महिन्यात या सदरात जुन्या स्टंटपटांविषयी लिहिताना दारा सिंग यांचं नाव एका वाक्यात येऊन गेलं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना सगळा त्यांनाच द्यायचा ठरवलं. काही पत्रांत प्रेम आहे, काहींत राग. कोल्हापूरच्या एका पत्रात दोन्ही आहे आणि मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो त्याच पत्रानं.

शंका : घरात कुणी जरा छाती काढून चाललं की आजोबा म्हणतात, ‘स्वतःला काय दारासिंग समजतोस का?’ मी मोबाइलवर त्यांचे फोटो पाहिले. पोटावर एक कट नाही, दंडावर शिरा नाहीत. आमच्या जिममध्ये त्यांच्यापेक्षा चांगली बॉडी असलेली चार मुलं आहेत. मग हे नाव ताकदीचं माप कसं झालं? (एक विद्यार्थी, पिंपरी)

समाधान : तू ज्याला कट म्हणतोस ते स्नायू प्रत्येकाच्या पोटात असतातच. वरची चरबी आणि कातडीखालचं पाणी उतरवलं की ते दिसायला लागतात. स्पर्धेच्या स्टेजसाठी किंवा एखाद्या शूटिंगसाठी हे करता येतं. पण अशा सुकवलेल्या अंगानं कुस्ती धरता येत नाही. दहाव्या मिनिटाला दम जातो आणि समोरच्याचं वजन अंगावर आलं की पाय सुटतात.

पैलवानाला लागते ती मान, कंबर आणि मांडी. समोरचा पहिल्या क्षणापासून मानेवर हात टाकून खाली वाकवायला बघतो, म्हणून मान. पट काढताना आणि सोडवताना सगळा भार कमरेवर आणि मांड्यांवर येतो. तालमीत हजारांनी बैठका मारतात त्या यासाठी. खुराकाचं म्हणशील तर दूध, तूप, बदाम, म्हणजे शरीर भरीव करणारा. दारा सिंग सहा फूट दोन इंच उंच होते आणि वजन सव्वाशे किलोंच्या पुढे. आता एक कर. त्यांचा दंड फुगवलेला फोटो बाजूला ठेव आणि नुसते उभे असलेला फोटो बघ. कानाच्या पाळीपासून मान जी खाली उतरते ती सरळ खांद्यात मिसळते, मधे खोबण अशी नाहीच. झाडाचं खोड जमिनीत जातं तशी. आजोबांच्या पिढीनं ताकद पाहिली ती तिथं. पोटाकडे कुणी बघतच नव्हतं.

तुझ्या जिममधल्या मुलांना मी कमी लेखत नाही. त्यांची मेहनतही खरीच आहे. पण ते शरीर दिसण्यासाठी घडवलेलं असतं आणि हे झुंजण्यासाठी. गंमत अशी की दिसण्यासाठी घडवलेल्या शरीरामुळेच दारा सिंगांना सिनेमात जागा मिळाली. ते पुढच्या उत्तरात सांगतो.

शंका : दारा सिंग यांचा ‘हर्क्युलस’ हा इंग्रजी ‘हर्क्युलस’ची नक्कल होता, असं आमच्या फिल्म सोसायटीत एकानं सांगितलं. खरं आहे का? मूळ नट कोण? (एक वाचक, नाशिक)

समाधान : मूळ चित्रपट इंग्रजी नव्हे, इटालियन. नट मात्र अमेरिकन, त्याचं नाव स्टीव्ह रीव्हज. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रीव्हज 1926 मध्ये मोंटाना राज्यातल्या ग्लासगो या छोट्या गावात जन्मला. वडील शेतावरच्या अपघातात गेले तेव्हा तो तान्हा होता. पुढे आई त्याला घेऊन कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आली आणि तिथल्या एका व्यायामशाळेत पोराला वजनं उचलायचा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. परत आल्यावर 1947 मध्ये ‘मिस्टर अमेरिका’, 1948 मध्ये ‘मिस्टर वर्ल्ड’ आणि 1950 मध्ये लंडनला ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाला. स्नायू फुगवणारी औषधं सर्रास व्हायच्या आधीचा हा काळ. दंड, पोटरी आणि मान या तिन्हींचं माप एकच हवं, असा त्याचा आग्रह असे. साडेअठरा इंच. मोठं दिसण्यापेक्षा प्रमाणात दिसणं त्याला महत्त्वाचं वाटत होतं. त्याचे फोटो आजही जुने वाटत नाहीत, याचं कारण मला हेच दिसतं.

सिनेमानं मात्र त्याला बरीच वर्षं दारातच उभं ठेवलं. हॉलिवूडचे दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल यांनी ‘सॅमसन अँड डिलायला’साठी त्याचा विचार केला, पण पंधरा पौंड वजन उतरव म्हणाले, कारण कॅमेऱ्यात माणूस आहे त्याहून जाड दिसतो. रीव्हजच्यानं ते झालं नाही आणि भूमिका व्हिक्टर मॅच्युअरला गेली. ज्या शरीरासाठी बोलावलं तेच शरीर आड आलं. 1954 मध्ये ‘अथीना’ या संगीतपटात त्याला छोटं काम मिळालं. तो चित्रपट इटालियन दिग्दर्शक पिएत्रो फ्रांचीशी यांच्या मुलीनं पाहिला आणि वडिलांना सांगितलं, तुमचा हर्क्युलस सापडला. 1958 मध्ये तो इटालियन चित्रपट आला. छायाचित्रण मारिओ बाव्हा यांचं, आणि थोड्या पैशांत भव्यपणा उभा करण्यात त्या माणसाचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

खरी उलथापालथ पुढच्या वर्षी झाली. बॉस्टनचे वितरक जोसेफ लेव्हिन यांनी अमेरिकेचे हक्क एक लाख वीस हजार डॉलरला घेतले आणि जाहिरातीवर दहा लाखांच्या वर उधळले. सहाशे प्रिंट काढून देशभर एकदम लावल्या. तोवरची रीत एका शहरातून दुसऱ्या शहरात हळूहळू सरकायची होती. आज शुक्रवारी हजारो पडद्यांवर एकदम चित्रपट आदळतो, त्या धंद्याचं हे एक पहिलं पाऊल. मग इटलीत असे चित्रपट डझनांनी निघाले. त्यांना ‘पेप्लम’ म्हणतात, ग्रीक पोशाखावरून. रीव्हज त्यांचा राजा होता. पण पडद्यावर ऐकू येतो तो आवाज त्याचा नव्हे. हे चित्रपट नंतर ध्वनिमुद्रित होत आणि संवाद दुसरेच नट म्हणत. शरीर एकाचं, आवाज दुसऱ्याचा, असं जगभर चाललं.

‘द लास्ट डेज ऑफ पाँपेई’च्या वेळी त्याचा रथ झाडावर आदळला आणि खांदा निखळला. ती दुखापत त्याची पाठ सोडेना. 1968 मध्ये शेवटचा चित्रपट करून तो कॅलिफोर्नियात घोडे पाळायला गेला, आणि 2000 च्या 1 मे रोजी वारला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. 1964 मध्ये मुंबईत ‘सॅमसन’ आणि ‘हर्क्युलस’ हे चित्रपट निघाले, त्याच सुमारास ‘रुस्तम-ए-रोम’ही. दारा सिंग तिन्हींत. नुसती नावं वाचली तरी वारा कुठून आला ते कळतं. पण नक्कल म्हणणं मला पटत नाही. इटलीनं नटासाठी व्यायामशाळेत जाऊन स्पर्धेतलं शरीर आणलं. मुंबईनं आखाड्यात जाऊन पैलवान आणला. रीव्हज खांब पाडताना पाहिला की एखादा पुतळा जिवंत झाल्यासारखं वाटतं. दारा सिंग माणूस उचलतात तेव्हा तो माणूस खरंच जड आहे हे दिसतं, कारण उचलण्याआधी ते गुडघ्यात बसतात आणि पाय रोवतात. पुतळ्याला पाय रोवावे लागत नाहीत.

शंका : 1962 चा ‘किंग काँग’ मिळवून पाहिला. माकड कुठंच नाही! (एक वाचक, रत्नागिरी)

समाधान : नाहीच. दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री, नायिका कुमकुम, आणि कथा राजेरजवाड्यांची पोशाखी. त्या काळात आपल्याकडे ‘किंग काँग’ म्हटलं की लोकांना माकडाआधी एक पैलवान आठवे. एमिल चाया हा हंगेरीत जन्मलेला अवाढव्य देहाचा मल्ल याच नावानं रिंगणात उतरायचा आणि दारा सिंगांशी त्याच्या झुंजी गाजलेल्या होत्या. पोस्टरवर ही दोन नावं एकत्र आली की तिकिटासाठी आणखी काही सांगायची गरज नव्हती.

बाबूभाईंविषयी मात्र दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवल्या आणि अदृश्य माणूस दाखवला. ‘काला धागा’ हे टोपणनाव त्यांना कायमचं चिकटलं. दोरा, आरसे, छोटी मॉडेल आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण, एवढ्या सामग्रीवर त्यांनी अर्धा देवलोक उभा केला. त्यांच्या चित्रपटात एकच गोष्ट अशी होती जिला दोरा लागत नव्हता, ती म्हणजे नायक.

शंका : मी तांबड्या मातीत वाढलो. वयाच्या पंचविशीपर्यंत मैदानं मारली. दारा सिंगची ती फ्रीस्टाइल आमचे वस्ताद ‘नुरा’ म्हणायचे, आधीच ठरलेली. तरी पोरं त्यालाच मोठा पैलवान मानतात. आम्ही मात्र त्याचे सिनेमे चोरून बघायचो, हेही कबूल करतो. तुम्ही स्पष्ट सांगा, तो खरा पैलवान होता की नट? (एक जुने मल्ल, कोल्हापूर)

समाधान : आपलं पत्र मी तीन वेळा वाचलं. आपल्या वस्तादांचा राग समजण्यासारखा आहे आणि त्याला उत्तर द्यायचं तर गोडगोड बोलून भागणार नाही.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ती कुस्तीही ‘फ्रीस्टाइल’च. ती ऑलिंपिकची, गुणांची, पंचांची. दारा सिंगांची ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे दोरांच्या रिंगणातली व्यावसायिक कुस्ती. तिच्यात प्रमोटर असतो, तिकीटविक्री असते, फेऱ्या असतात, आणि कोण जिंकणार हे बहुतेक वेळा आधी ठरलेलं असतं. जगभर असंच आहे. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये ज्या झुंजी लोकांनी डोक्यावर घेतल्या, त्याही याच व्यवसायाच्या. तेव्हा ‘नुरा’ हा आरोप त्या व्यवसायावर असेल, तर तो मान्य.

पण तो माणसावर असेल तर मान्य नाही. कारण सांगतो. 1928 च्या 19 नोव्हेंबरला अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचकला जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा 1947 मध्ये पोटासाठी सिंगापूरला गेला आणि ड्रम बनवण्याच्या कारखान्यात लागला. तिथं हरनाम सिंग यांच्या हाताखाली तो घडला. मलायात नाव केलं, 1954 मध्ये ‘रुस्तम-ए-हिंद’ झाला आणि 1959 मध्ये कोलकात्यात कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता. त्याच 1959 मध्ये आपल्या कोल्हापूरचे श्रीपती खंचनाळे पहिले ‘हिंद केसरी’ झाले, हे आपल्याला मी सांगायला नको. एकाच वर्षी दोन पैलवान, दोन वेगळ्या कुस्त्या. एकाला गदा मिळाली आणि दुसऱ्याला पट्टा. आपल्या वस्तादांना सलत होतं ते हेच असावं, की वर्तमानपत्रात आणि पोरांच्या तोंडी पट्टेवाल्याचं नाव जास्त होतं. ही सल खरी आहे. मातीतल्या मल्लाला तेवढा पैसा आणि तेवढी प्रसिद्धी मिळायला हवी होती, असं मलाही मनापासून वाटतं.

1968 च्या मे महिन्यात मुंबईत दारा सिंगांनी अमेरिकन मल्ल लू थेझला हरवून ‘विश्वविजेते’पद मिळवलं. इथं थोडं नीट बोललं पाहिजे. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि अमेरिकेतलं मोठं विजेतेपद दोन वर्षांपूर्वीच जीन किनिस्कीकडे हरले होते. त्यामुळे ‘विश्वविजेता’ या शब्दाचं वजन प्रमोटरच्या तराजूतलं होतं. पण थेझ म्हणजे साधी असामी नव्हे. समोरच्याचा सांधा कुठं धरला की तो ओरडेल, हे ज्या मोजक्या लोकांना ठाऊक होतं त्यांतले ते एक, आणि नुसत्या देखाव्याच्या मल्लांना ते जवळ करत नसत. त्या माणसानं आत्मचरित्रात दारा सिंगांविषयी लिहिलं आहे ते असं की हा अस्सल कुस्तीगीर होता, तयारी उत्तम होती आणि त्याच्याकडून हरायला मला काहीच अडचण नव्हती. या एका वाक्यात आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. निकाल ठरलेला असू शकतो. कुस्ती येणं ठरवून येत नाही.

आता नटाचं. व्यावसायिक मल्लाला एक विद्या शिकावी लागते जी मातीत फारशी लागत नाही, ती म्हणजे पडण्याची. हनुवटी छातीला टेकवायची, डोकं वाचवायचं आणि पाठ सगळी एकदम टेकवायची, म्हणजे मार पसरतो. उचलणाऱ्याला उचलला जाणारा स्वतःच थोडी उडी मारून साथ देतो. समोरच्याला इजा न करता त्याला मारल्यासारखं दाखवणं, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल असं करणं, याला अभिनय नाही तर काय म्हणायचं? मुंबईच्या स्टुडिओत आले तेव्हा दारा सिंगांकडे ही विद्या तयार होती. म्हणून त्यांच्या मारामारीत कॅमेरा दूर ठेवता येतो. डोक्यापासून टाचेपर्यंत दोन माणसं चौकटीत मावतात आणि दृश्य न तोडता डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो. पुढच्या काळातल्या नायकांच्या मारामाऱ्या बघा. एका ठोशाचे चार तुकडे केलेले असतात.

तेव्हा ‘पैलवान की नट’ यातलं एक निवडायला मी तयार नाही. आपणही चोरून बघितलेत ते सिनेमे, ते काय बघायला? डाव बरोबर बसतो का, हेच ना?

शंका : मुमताज आधी दारा सिंगची नायिका होती म्हणून तिला मोठे नट टाळायचे, असं वाचलं. दोघांनी किती चित्रपट केले? (एक वाचक, नागपूर)

समाधान : सोळा. 1963 च्या ‘फौलाद’नं सुरुवात झाली, दिग्दर्शक मोहम्मद हुसेन. मुमताज तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती. तोवर बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या भूमिकांत ती मागं उभी असे. ‘फौलाद’मध्ये पहिल्यांदा मधोमध आली.

आपण वाचलंत ते खरं आहे. ‘स्टंटपटातली नटी’ हा शिक्का बसला की तो धुवून काढायला फार कष्ट पडत. 1967 च्या ‘राम और श्याम’मध्ये दिलीपकुमारांसमोर तिला भूमिका मिळाली, 1969 च्या ‘दो रास्ते’नंतर चित्र पालटलं आणि ‘खिलौना’साठी तिला फिल्मफेअर मिळालं. गोष्ट अशी सांगितली जाते की जणू ती चिखलातून वर आली. मला हे सांगणं मुळातच चुकीचं वाटतं. ‘दो रास्ते’मधला तिचा तो मोकळेपणा, कॅमेऱ्यासमोर जराही न अवघडणं, हे कुठून आलं? वर्षाला चार-पाच चित्रपट, थोडे दिवस, रिटेक परवडत नाहीत आणि नाच त्याच दिवशी बसवायचा. सोळा चित्रपटांची ही तालीमच होती तिची. आणि सहा फुटी सव्वाशे किलोच्या नायकाशेजारी उभं राहून प्रेक्षकाची नजर आपल्यावर ओढून घेणं सोपं नाही.

दोन्ही घरांचं नातंही जुळलं. दारा सिंगांचे धाकटे भाऊ रंधावा, तेही मल्ल आणि नट, यांनी मुमताजच्या बहिणीशी, मलिकाशी लग्न केलं.

शंका : मी परळच्या गिरणीत होतो. पगाराच्या आठवड्यात आम्ही मंडळी दारा सिंगचाच सिनेमा बघायचो. पण सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या त्या सिनेमांना दोन ओळीही नाहीत. आम्ही जे बघितलं ते काय रद्दी होतं? (एक निवृत्त कामगार, लालबाग)

समाधान : काका, रद्दी नव्हतं. तुमच्या या एका प्रश्नासाठी मी हा अंक लिहितो आहे असं समजा.

पुस्तकं ज्यांनी लिहिली ते बाल्कनीत बसले होते. ते चित्रपट ज्यांच्यासाठी निघत ते पुढच्या रांगांत होते, आणि पुढच्या रांगांतल्या लोकांनी परीक्षणं लिहिली नाहीत. बहुतेक चित्रपट कृष्णधवल, सेट दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचे उरलेले, पोशाख भाड्याचे. कथा नेहमीची: दुष्ट सेनापती, गादीवरून काढलेला वारस, तळघरातला कैदी. उणिवा मी लपवत नाही. सलग पाच पाहिले तर कुठला कुठला ते आठवत नाही. दारा सिंगांच्या बोलण्यात पंजाबी हेल होता आणि लांब संवाद त्यांना पेलत नसे, हेही खरं.

पण त्या चित्रपटांतली गाणी ऐका. ‘किंग काँग’ला चित्रगुप्त, ‘फौलाद’ला जी. एस. कोहली, ‘आँधी और तूफान’ आणि ‘लुटेरा’ला लक्ष्मीकांत-प्यारेलाल. आपले लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल जेव्हा उभे राहत होते तेव्हा त्यांना वाद्यवृंद द्यायला पुढं आले ते याच पंगतीतले निर्माते. 1965 च्या ‘सिकंदर-ए-आझम’चं संगीत हंसराज बहल यांचं. त्यातलं रफींनी गायलेलं भारतभूमीचं गाणं आज शाळेशाळेत स्वातंत्र्यदिनाला वाजतं आणि ते दारा सिंगांच्या चित्रपटातलं आहे हे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं. त्याच चित्रपटात दारा सिंग सिकंदर आणि पृथ्वीराज कपूर पोरस. चोवीस वर्षांपूर्वी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज स्वतः सिकंदर होते. आपली जुनी भूमिका समोर दुसऱ्याच्या अंगावर बघत त्यांनी पोरस केला. हे मला फार मोठं वाटतं.

माझं सांगतो. मी हे चित्रपट थिएटरात नाही, जत्रेतल्या टूरिंग टॉकीजमध्ये पाहिले. तंबूत वाळू पसरलेली, मधे दोर, एका बाजूला बायका, दुसरीकडे गडी. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि त्या अंधारात पुढच्या रांगेतून कुणीतरी शड्डू ठोकायचं. मग दुसरा, मग तिसरा. पुढचं रीळ लागेपर्यंत सगळा तंबू मांड्यांवर थापा मारत असे. पडद्यावर दारा सिंग पुन्हा दिसले की एकदम शांतता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वाळूत आम्ही पोरं एकमेकांना उचलून टाकायचो. माझ्या डाव्या मनगटाचं हाड तेव्हाचंच वाकडं आहे. कुठल्या पुस्तकात त्याची नोंद नाही, पण आमच्या वयाच्या अनेकांच्या अंगावर अशा खुणा असतील.

दिवसभर साच्यावर उभं राहून आलेल्या माणसाला पडद्यावर आपल्यासारखाच अंगमेहनतीचा माणूस राजाच्या गळ्याला हात घालताना बघायचा होता. नुसत्या तलवारीनं नव्हे, हातानं. त्यात कमीपणा कसला?

शंका : भारतीय टारझन कोण? दारा सिंग की आझाद? (एक वाचक, अमरावती)

समाधान : दोघंही, आणि त्यांच्याही आधी एक. वाडिया मूव्हीटोनच्या 1937 च्या ‘तूफानी टारझन’मध्ये जॉन कावस होते, स्टंटपटांची नायिका नादिया हिच्या चित्रपटांतले तेच धिप्पाड पारशी गृहस्थ. आझाद 1958 मध्ये होमी वाडियांच्या ‘झिंबो’त आले. दारा सिंगांचे ‘टारझन कम्स टू दिल्ली’ आणि ‘टारझन अँड किंग काँग’ हे दोन्ही 1965 चे. आणि 1962 मध्ये खरोखरीचा परदेशी टारझनही भारतात येऊन गेला. ‘टारझन गोज टू इंडिया’तला जॉक महोनी. त्यात आपले फिरोज खान आणि सिमी गरेवाल आहेत.

शंका : माझी सात वर्षांची मुलगी ‘रामायण’ बघते. तिला हनुमान सगळ्यांत आवडतो. परवा तिनं विचारलं, ‘आई, त्याचा चेहरा तर झाकलाय, मग तो रडतोय हे मला कसं कळतं?’ मला उत्तर देता आलं नाही. (एक वाचक, ठाणे)

समाधान : तुमच्या मुलीनं जे पाहिलं ते भल्याभल्या समीक्षकांच्या नजरेतून सुटलं. तिला माझा नमस्कार सांगा.

दारा सिंगांनी हनुमान पहिल्यांदा केला तो 1976 च्या ‘बजरंगबली’त. दूरदर्शनवर ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. चित्रण उंबरगावला व्हायचं. हनुमानाच्या रंगभूषेत तोंडाचा सगळा भाग वरून बसवलेला असतो. ओठ हलतात एवढंच. गाल, हनुवटी, म्हणजे नटाची सगळी हत्यारं काढून घेतलेली. उरतात डोळे आणि शरीर.

ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षं शरीरानंच बोलायचं काम केलं होतं त्यांच्यासाठी ती अडचण ठरली नाही. मुलीला एकदा आवाज बंद करून दाखवा. राम समोर आले की हा प्रचंड माणूस आधी खांदे सोडतो. मग ती मान, जिच्याविषयी वर पिंपरीच्या मुलाला लिहिलं, ती वाकते. पैलवान मान सहसा वाकवत नाही, समोरचा वाकवायला बघतो तेव्हा तर नाहीच. मग गुडघा टेकतो, सावकाश, तोल न जाता. हात जुळतात. श्वास घेतला की पाठ हलते. तुमच्या मुलीला रडणं कळलं ते त्या पाठीवरून.

हा वाकण्याचा सराव त्यांना तालमीनंच दिलेला असणार. हौदात उतरण्याआधी पैलवान माती कपाळाला लावतो आणि मारुतीपुढं वाकतो. आपल्याकडे मारुती नाही अशी तालीम शोधून सापडायची नाही. दारा सिंग 12 जुलै 2012 ला मुंबईत गेले. त्यानंतर काही दिवसांनी मी गावी गेलो होतो, तालमीत डोकावलो. कोनाड्यात शेंदराचा मारुती, आणि त्याच्या शेजारी भिंतीला ‘रामायण’च्या दिवसांत कुणीतरी कॅलेंडरमधून कापून चिकटवलेला दारा सिंगांचा हनुमान. कागद पिवळा पडलेला, कडा उचकटलेल्या. खालच्या बाजूला, पायांच्या जागी, बोटांचे तेलकट शेंदरी ठसे होते. एकावर एक, इतके की पावलं दिसेनाशी झाली होती.